हद्दपार पोप

११ ऑक्टोबर २००८. कोलोन शहरात जर्मन टेलिव्हिजनच्या वार्षिक पुरस्कारांचा सोहळा चालू होता. मालिकांचे नट, विनोदवीर, स्वयंपाकाचे कार्यक्रम, टाळ्या, पुन्हा टाळ्या. प्रेक्षकांत अठ्ठ्याऐंशी वर्षांचे एक गृहस्थ चुळबुळत बसले होते. आयुष्यभराच्या कामगिरीबद्दल त्यांचा गौरव व्हायचा होता, पण पाळी येईपर्यंत त्यांचा धीर पार सुटला होता. ते मंचावर गेले, निवेदक थोमास गॉटशाल्क यांच्या शेजारी उभे राहिले आणि हा पुरस्कार मी घेणार नाही, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं. यापूर्वी पुष्कळ पुरस्कार घेतले, ग्योटेच्या नावाचा घेतला, टोमास मानच्या नावाचा घेतला आणि रीतसर आभारही मानले. पण आज इथे जे बघावं लागलं त्याच्या पंगतीत मला बसायचं नाही. सोबत पैसे असते तर तेही परत केले असते, पण पैसे नाहीतच.

गंमत म्हणजे, ज्यांच्या कार्यक्रमांना त्यांनी नुकतंच टाकाऊ ठरवलं होतं तेच लोक हसत हसत टाळ्या वाजवत होते. म्हातारा आपल्या लौकिकाला जागला, यातच सगळे खूश. गॉटशाल्क यांनी जागच्या जागी तोडगा काढला: टेलिव्हिजनच्या दर्जावर दोघांनी पडद्यावर बसून बोलायचं. आठवड्याच्या आत ती अर्ध्या तासाची चर्चा प्रसारितही झाली. त्यातून कोणतीही मालिका सुधारली नाही. पण लेखिका एल्के हाइडनराइश यांनी वर्तमानपत्रात म्हाताऱ्याची बाजू घेतली, आपल्याच वाहिनीला खडे बोल सुनावले, आणि त्या वाहिनीनं त्यांचा पुस्तकांचा कार्यक्रम बंद केला. बोलला एक आणि भरलं दुसरीनं.

हे गृहस्थ म्हणजे मार्सेल राइश-रानित्स्की. आपल्याकडे समीक्षक म्हटलं की विद्यापीठातली खोली आणि तळटीपा डोळ्यांसमोर येतात. जर्मनीत १९९०च्या दशकात हा समीक्षक टॅक्सीवाल्यांना ठाऊक होता. नकलाकार त्यांच्या बोलण्यातला पोलिश र आणि हवेत उगारलेलं बोट उचलून पोट भरत. लोक त्यांना ‘साहित्याचा पोप’ म्हणत. आधी चिडवून, मग मानाने, आणि शेवटी नुसतंच सवयीने. त्यांच्या सन्मानांची यादी लांबलचक आहे. ती वाचताना मला एक गोष्ट खटकत राहते. जर्मनीनं या माणसाला भरभरून दिलं, पण देताना तिच्या नजरेसमोर कधी पडद्यावरची वल्ली होती, कधी छळातून वाचलेला ज्यू होता. समीक्षक म्हणून त्यांचं मोल काय, हा हिशेब मात्र बाजूलाच राहिला आणि आजही मिटलेला नाही.

त्यांचा जन्म २ जून १९२०चा, पोलंडमधल्या व्वोत्सवावेक गावचा. वडील डाव्हिड राइश पोलिश ज्यू व्यापारी. धंद्यात अपयशी, स्वभावानं मऊ. आई हेलेना जर्मन ज्यू घराण्यातली, जर्मन पुस्तकांवर वाढलेली. १९२९ साली कुटुंब बर्लिनला आलं. नऊ वर्षांच्या मुलाला बर्लिनच्या शाळेत जर्मन शिक्षकांचा धाक होता आणि जर्मन पुस्तकांचं वेड लागलं. हिटलर सत्तेवर आला तेव्हा तो बारा वर्षांचा होता. वर्गातली सहल, खेळ, समारंभ एकेक करत ज्यू मुलांना बंद होत गेले. त्या मोकळ्या वेळात त्यानं शिलर, क्लाइस्ट, फोन्टाने, टोमास मान असं सगळं वाचून काढलं आणि तिकिटाचे पैसे जमवून नाटकं पाहिली. १९३८ साली तो शालान्त परीक्षा पास झाला, बर्लिन विद्यापीठात अर्ज केला, आणि ज्यू म्हणून अर्ज फेटाळला गेला.

त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला भल्या सकाळी पोलीस दारात आला. जर्मनीत राहणाऱ्या हजारो पोलिश ज्यूंना त्या दिवसांत सरहद्दीपलीकडे ढकलण्यात आलं. बरोबर पाच मार्क आणि एक बॅग एवढीच परवानगी. घाईघाईत या मुलानं बॅगेत एक जादा रुमाल टाकला आणि वाचायला बाल्झाकची एक कादंबरी. वय वर्षे अठरा. पोलिश भाषा तो जवळजवळ विसरला होता.

वॉर्सात नोकरी नाही, ओळखी नाहीत. वर्षभरात युद्ध आलं आणि त्यामागून जर्मन सैन्य. जानेवारी १९४० मध्ये शेजारच्या एका ज्यू गृहस्थानं अपमान सहन न होऊन गळफास घेतला. आईनं मार्सेलला सांगितलं, जा, त्याच्या मुलीकडे बघ. ती मुलगी तेओफिला लांगनास, घरचं नाव तोशा. दोघंही एकोणीस वर्षांची. पुढची एकाहत्तर वर्षं ती एकत्र होती.

१९४० च्या नोव्हेंबरात वॉर्सातल्या ज्यूंना भिंतीआड कोंडण्यात आलं. चोख जर्मन येणाऱ्या मार्सेलला ज्यू मंडळाच्या कचेरीत भाषांतर आणि पत्रव्यवहार विभाग मिळाला. शिवाय घेटोतल्या वाद्यवृंदाच्या मैफलींवर तो टोपणनावानं लिहू लागला. छापील समीक्षेची सुरुवात ती अशी, जिथले वादक उपाशी होते आणि श्रोतेही. जून १९४१ मध्ये तो एकवीस वर्षांचा झाला तेव्हा तोशानं त्याला एक वही दिली. एरिश केस्टनरचा ‘काव्याची घरगुती औषधपेटी’ हा संग्रह मार्सेलला फार आवडे. विकत घेणं अशक्य, केस्टनरच्या पुस्तकांची तर नाझींनी होळी केलेली. कुणाकडून तरी प्रत मिळवून तोशानं त्यातल्या कविता स्वच्छ अक्षरात उतरवल्या, प्रत्येकीला रंगीत चित्रं काढली, पानं शिवून पुस्तक बांधलं. ही वही युद्धातून वाचली. १९५७ साली मार्सेल केस्टनरला भेटला तेव्हा त्यानं ती त्याच्यासमोर ठेवली. आणखी बऱ्याच वर्षांनी ती छापूनही निघाली. त्यांच्या घराण्याचा खरा वाङ्मयीन ठेवा कोणता, असं मला कोणी विचारलं तर मी रानित्स्कींच्या डझनावारी पुस्तकांआधी या वहीकडे बोट दाखवीन.

आणि मग २२ जुलै १९४२. एसएसचा अधिकारी हेर्मान ह्योफले सकाळी आपल्या माणसांसह मंडळाच्या इमारतीत आला. अध्यक्ष अडाम चेर्न्याकुफ यांच्या दालनात सगळ्यांना बसवलं, बैठकीची नोंद घ्यायला मार्सेलला बोलावलं. उन्हाळ्याचे दिवस, खिडक्या उघड्या. खाली मोटारींपाशी थांबलेल्या सैनिकांनी ग्रामोफोन लावला होता आणि योहान स्ट्राउसचे वॉल्ट्झ ऐकू येत होते. वर ह्योफले मजकूर सांगत होता: वॉर्सातल्या ज्यूंचं पूर्वेकडे स्थलांतर आजपासून सुरू. पहिल्या दिवशी सहा हजार. वगळायचे कोण, तर जर्मन आस्थापनांत काम करणारे, मंडळाचे नोकर, इस्पितळातले लोक, आणि त्यांच्या बायका-मुलं. मार्सेलनं टिपून घेतलं. मग बाजूच्या खोलीत बसून त्यानं त्याचं पोलिश भाषांतर सांगायला सुरुवात केली, आणि टाइप करायला होती गुस्ताव्हा यारेट्स्का ही लेखिका. बायकांना सूट असल्याचं कलम आलं तसा तिचा हात थांबला. मान वर न करता ती म्हणाली, तू आजच्या आज तोशाशी लग्न कर. त्यानं निरोप धाडला आणि त्याच दुपारी लग्न लागलं. चेर्न्याकुफ यांनी दुसऱ्या दिवशी विष घेतलं. यारेट्स्का मुलांसह पुढच्या जानेवारीत गेली. आईवडिलांना कोणत्याच कलमाखाली सूट नव्हती. मार्सेलचे आईवडील त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत मारले गेले, तोशाची आईही. मोठ्या भावाला छावणीत गोळी घातली.

फेब्रुवारी १९४३ मध्ये दोघं घेटोतून निसटली. शहराबाहेरच्या वस्तीत बोलेक गाविन नावाचा बेकार छपाई कामगार आणि त्याची बायको गेन्या यांनी त्यांना घरात दडवलं. रात्री सगळे मिळून विकण्यासाठी सिगारेटी वळत, आणि सिगारेटी वळता वळता मार्सेल गोष्टी सांगे. गोष्टी कुठल्या, तर ‘वेर्थर’, ‘विल्हेल्म टेल’, ‘हॅम्लेट’, ‘किंग लिअर’. शिवाय पाहिलेल्या ऑपेरांची कथानकं. बोलेकला साहित्याशी काही देणंघेणं नव्हतं. पुढे काय झालं, एवढंच त्याला हवं असे. गोष्ट रंगली तर जेवणात एखादं गाजर जास्त पडे, असं रानित्स्की पुढे सांगत. मला वाटतं, त्यांचा समीक्षक इथेच घडला. श्रोता कंटाळला तर सगळं संपलं, हा धडा त्यांनी दिवाणखान्यात बसून गिरवलेला नव्हता. पुस्तक कंटाळवाणं आहे हा आरोप ते इतक्या पोटतिडकीनं का करत, याचं उत्तर विद्यापीठांना कधी सापडलं नाही. ते त्या दडणीच्या खोलीत आहे.

गाविन दांपत्याची कथा त्यांनी नंतर ग्युंटर ग्रासला सांगितली. ग्रासनं ती ‘गोगलगाईच्या रोजनिशीतून’ या १९७२च्या पुस्तकात वापरली, परवानगी आणि मोबदला दोन्ही नंतर पाहिलं. लेखक आणि समीक्षक यांच्यात कोणी कोणाचं खाल्लं, हा प्रश्न एकतर्फी नसतो.

युद्धानंतरच्या पोलंडमधला अध्याय त्यांच्या चाहत्यांना अवघड जातो. ते कम्युनिस्ट पक्षात गेले, गुप्तहेर खात्यात काम केलं. राइश हे आडनाव जर्मन राज्याची आठवण देतं म्हणून ‘रानित्स्की’ हे नाव घेऊन १९४८-४९ मध्ये ते लंडनला पोलंडचे वाणिज्यदूत झाले. मग परत बोलावणं, पक्षातून हकालपट्टी, काही आठवडे कोठडी. कोठडीत आना झेगर्सची ‘सातवा क्रूस’ ही कादंबरी वाचायला मिळाली आणि आता साहित्यच, असं ठरलं. १९९४ साली हा हेरखात्याचा इतिहास उजेडात आला, तेव्हा दुसऱ्यांच्या पुस्तकांतून सचोटी मागणाऱ्या या माणसानं आधी हात झटकले आणि पुरावे पुढे आल्यावर कबुली दिली. आत्मचरित्रात त्यांनी त्याबद्दल लिहिलं आहे, पण घेटोची पानं ज्या हातानं लिहिली तो हात इथे जरा आखडलेला वाटतो.

जुलै १९५८ मध्ये ते पश्चिम जर्मनीत आले ते परत न जाण्यासाठी. हातात सूटकेस आणि जुना टाइपरायटर. एका संपादकीय खोलीत सल्ला मिळाला की दोन्ही नावं जोडा. तेव्हापासून ते राइश-रानित्स्की. हाइनरिश ब्योल यांनी मदत केली. नव्या जर्मन लेखकांच्या ‘गट ४७’च्या बैठकीचं आमंत्रण आलं. तिथे तरुण ग्रासनं विचारलं, तुम्ही नक्की कोण, पोल, जर्मन की आणखी काही? त्यांनी उत्तर दिलं: अर्धा पोल, अर्धा जर्मन आणि पूर्ण ज्यू. टाळी मिळाली. पुढे त्यांनीच सांगून टाकलं की या वाक्यात खरं काही नव्हतं. तिन्हीपैकी कुठेच आपण पुरते नव्हतो. साहित्य हाच आपला बरोबर नेता येणारा मुलूख, असं ते म्हणत.

१९६० ते १९७३ ते हॅम्बुर्गच्या ‘डी त्साइट’ साप्ताहिकाचे कायम समीक्षक होते. आणि या सगळ्या वर्षांत त्यांना संपादकीय बैठकीला कधीच बोलावलं गेलं नाही. लेख हवे होते, माणूस नको होता. हा सल त्यांनी आयुष्यभर सांभाळला. १९७० साली त्यांनी आपल्या झोडपणीच्या लेखांचा संग्रहच काढला, नाव ‘नुसती झोडपणी’. ती वर्षं त्यांच्या उत्तम समीक्षेची, आणि ढळढळीत चुकांचीही. १ जानेवारी १९६० च्या अंकात त्यांनी ग्रासची पहिली कादंबरी ‘पत्र्याचा ढोल’ आडवी केली, जी जगभर ‘द टिन ड्रम’ म्हणून गाजली. १९६३ साली रेडिओवर बसून त्यांनी आपल्याच त्या परीक्षणाची उलटतपासणी घेतली.

१९७३ च्या अखेरीस योआखिम फेस्ट यांनी त्यांना फ्रांकफुर्टला ‘फ्रांकफुर्टर आल्गेमाइने’ या वजनदार दैनिकाचा साहित्य विभाग सोपवला. अखेर एक दार उघडलं. पण त्याच सुमारास बर्लिनमध्ये फेस्ट यांच्या हिटलर-चरित्राच्या प्रकाशनानिमित्त एका घरी मेजवानी होती. राइश-रानित्स्की दांपत्य आत गेलं तर यजमान ज्यांच्याभोवती लगबगीनं वावरत होते ते सभ्य, गोड बोलणारे वृद्ध पाहुणे होते आल्बर्ट श्पेअर, हिटलरचे युद्धसामग्री मंत्री. टेबलावर ठेवलेल्या त्या जाडजूड चरित्राकडे पाहून श्पेअर म्हणाले की ‘त्यांना’ हे आवडलं असतं. राइश-रानित्स्की काही बोलले नाहीत, निघूनही गेले नाहीत, आणि पंधरा वर्षं त्यांनी फेस्ट यांच्या हाताखाली विभाग चालवला. १९८६ साली एर्न्स्ट नोल्टे यांच्या लेखानं त्याच दैनिकाच्या पानांवरून नाझी गुन्ह्यांचं वजन कमी करू पाहणारा वाद पेटला, तेव्हा मात्र फेस्ट यांच्याशी असलेली मैत्री तुटली.

विभागप्रमुख म्हणून त्यांनी केलेलं एक काम गाजावाजा न होता टिकलं. १९७४ साली त्यांनी ‘फ्रांकफुर्टर अँथॉलॉजी’ सुरू केली: दर आठवड्याला एक जर्मन कविता आणि तिच्यावर कुणा एकाचं छोटं टिपण. लिहिणारे कवी, प्राध्यापक, इतर लेखक. दैनिकात, शेअर बाजाराच्या बातम्यांच्या शेजारी, कविता. हे सदर त्यांच्या मागेही चालू राहिलं. १९७७ पासून क्लागेनफुर्टच्या इंगेबोर्ग बाखमान स्पर्धेत ते परीक्षकांचे म्होरके होते. तिथे लेखक वाचतो आणि परीक्षक त्याच्या तोंडावर निकाल देतात. अनेक तरुण लेखक तिथून ताठ मानेनं परतले, काही रडत.

टेलिव्हिजन आलं ते मात्र निवृत्तीच्या वयात. २५ मार्च १९८८ ला झेडडीएफ वाहिनीवर ‘साहित्यिक चौकडी’ सुरू झाली. चार माणसं, खुर्च्या, आणि साधारण पाच पुस्तकं. चित्रफिती नाहीत, लेखकांच्या मुलाखती नाहीत, वाचन नाही. या अटी त्यांच्याच. हेल्मुट काराझेक आणि झिग्रिड ल्योफलर हे नेहमीचे, चौथा पाहुणा. सत्त्याहत्तर भाग झाले. या चौकडीनं स्तुती केली की दुसऱ्या दिवशी दुकानात रांग. स्पेनच्या हाविएर मारीयास यांची एक कादंबरी १९९६ साली इथे उचलली गेली आणि जर्मनीत तिच्या लाखो प्रती खपल्या. २००० साली मुराकामीच्या एका शृंगारिक कादंबरीवरून ल्योफलर आणि त्यांच्यात जुंपली. तिला ते पुस्तक सुमार वाटलं. यांनी तिच्या स्वभावावरच घसरत तिला शृंगारच सोसत नाही असं सुनावलं. तिनं कार्यक्रम सोडला, आणि माझ्या मते ती बरोबर होती. युक्तिवाद संपला की आवाज चढवायचा, ही खोड पडद्यानं त्यांच्या अंगी भिनवली. साठच्या दशकातल्या त्यांच्या लेखांत निवाड्याआधी कारणं असत. पडद्यावर निवाडा राहिला आणि कारणांना वेळ उरला नाही.

शेवटचा भाग १४ डिसेंबर २००१ ला झाला तो थेट राष्ट्राध्यक्ष योहानेस राऊ यांच्या बर्लिनमधल्या बेलव्ह्यू प्रासादात. ज्या शहरातून पाच मार्क देऊन हाकललं, त्याच शहरात.

लेखकांनीही सूड उगवले. पेटर हांडकेच्या एका पुस्तकात एक चवताळलेला कुत्रा येतो. तो कोण, हे वाचकांनी लगेच ओळखलं. ऑगस्ट १९९५ मध्ये ‘डेअर श्पीगेल’च्या मुखपृष्ठावर राइश-रानित्स्की ग्रासची नवी कादंबरी दोन्ही हातांनी फाडताना दाखवले होते. चित्र जुळवलेलं होतं, पण जर्मनीत ज्यूच्या हातात फाटकं पुस्तक आणि मागे पुस्तकांच्या होळीचा इतिहास, हे दृश्य कुणालाच पचलं नाही. ग्रासशी उरलेलं नातंही तिथे संपलं.

मार्टिन वाल्झरचं प्रकरण सर्वांत खोल गेलं. १९७६ साली वाल्झरची ‘प्रेमापलीकडे’ ही कादंबरी आली आणि परीक्षणाला यांनी मथळा दिला ‘साहित्यापलीकडे’. दोन वर्षांनी वाल्झरच्याच दुसऱ्या कथेला त्यांनी डोक्यावर घेतलं, पण पहिला घाव भरला नाही. २००२ साली वाल्झरची ‘एका समीक्षकाचा मृत्यू’ आली. तिच्यातला आन्द्रे एर्ल-क्योनिग हा सर्वशक्तिमान टीव्ही-समीक्षक कोण हे सांगायची गरज नव्हती. त्याचा खून झाल्याची आवई उठते आणि शेवटी तो धडधाकट परत येतो. ‘फ्रांकफुर्टर आल्गेमाइने’चे फ्रांक शिरमाखर यांनी २९ मेच्या अंकात उघडं पत्र लिहून ती क्रमशः छापायला नकार दिला, ज्यूद्वेषाच्या जुन्या साच्यांतून हे पात्र ओतलं आहे, हा त्यांचा आरोप. पुस्तक छापून यायच्या आधीच सारा देश त्यावर भांडला. वाल्झरनं आपण सत्तेवर लिहिलं, ज्यूंवर नाही, असा बचाव केला. तो मला अर्धाच पटतो. मारून टाकल्याच्या कल्पनेचा विनोद करताना समोरचा माणूस खरोखर कशातून वाचला आहे हे विसरणं, हे एवढ्या मोठ्या लेखकाला शोभलं नाही.

त्याच उन्हाळ्याच्या शेवटी, २००२ साली, फ्रांकफुर्ट शहरानं त्यांना ग्योटे पुरस्कार दिला. तोवर चित्र पालटलं होतं. १९९९ साली ‘माझं आयुष्य’ हे आत्मचरित्र आलं आणि वर्षभर खपाच्या यादीत अव्वल राहिलं. दहा लाखांहून जास्त प्रती गेल्या. त्याच शरद ऋतूत ग्रासला नोबेल मिळालं, ही नियतीची खोडी. ज्यांनी त्यांना चाळीस वर्षं चिडका परीक्षक म्हणून पाहिलं होतं त्यांना अचानक कळलं की या माणसानं काय पाहिलं आहे. मग मानद पदव्यांची रांग लागली. तेल अवीव विद्यापीठात जर्मन साहित्याचं अध्यासन त्यांच्या नावानं निघालं. २००७ साली बर्लिनच्या हुंबोल्ट विद्यापीठानं त्यांना मानद डॉक्टरेट दिली. १९३८ साली ज्यानं अर्ज फेटाळला तेच विद्यापीठ, फक्त नाव बदललेलं. सबंध आयुष्यात त्यांनी विद्यापीठाचा एकही वर्ग विद्यार्थी म्हणून पाहिला नव्हता.

एप्रिल २०११ मध्ये तोशा गेली. २७ जानेवारी २०१२ ला, नाझी बळींच्या स्मृतिदिनी, एक्याण्णव वर्षांच्या राइश-रानित्स्कींना जर्मन संसदेनं भाषणाला बोलावलं. दोन्ही बाजूंनी आधार देत त्यांना आत आणलं गेलं. इतिहासकार म्हणून बोलत नाही, साक्षीदार म्हणून बोलतो, असं सांगून त्यांनी एकाच दिवसाची हकिगत वाचली: २२ जुलै १९४२ ची. ह्योफले, उघड्या खिडक्या, ग्रामोफोन, यारेट्स्का, घाईचं लग्न. साहित्याचा विषय नाही, मिश्किलपणा नाही, उगारलेलं बोट नाही. त्या दिवशीचा मजकूर ज्यानं मुकाट्यानं टिपून घेतला होता त्यानं तो सत्तर वर्षांनी, त्याच भाषेत, त्या राष्ट्राच्या प्रतिनिधींसमोर वाचला. त्यांचं हे सर्वांत संयत गद्य, आणि त्यात एकाही पुस्तकाबद्दल मत नव्हतं.

१८ सप्टेंबर २०१३ ला फ्रांकफुर्टमध्ये त्यांचं निधन झालं. अंत्यविधीला राष्ट्राध्यक्ष योआखिम गाऊक हजर होते. दोन वर्षांनी झेडडीएफनं ‘साहित्यिक चौकडी’ नव्या चेहऱ्यांनी पुन्हा सुरू केली; नाव तेच ठेवलं, कारण नावाचीच किंमत होती.

विद्यापीठांतल्या मंडळींचा त्यांच्यावरचा आक्षेप कायम आहे: सिद्धान्त नाही, पद्धत नाही, प्रयोगशील लेखनाचं वावडं, मुझिलसारख्या कादंबरीकाराला कमी लेखणं. सगळे मुद्दे रास्त आहेत. उलट बाजूला एवढंच म्हणता येईल की क्लिष्टपणाला खोली समजण्याच्या जर्मन सवयीला त्यांच्याइतका त्रास दुसऱ्या कोणी दिला नाही, आणि वोल्फगांग क्योपेनसारखा विस्मरणात चाललेला लेखक त्यांनी वाचकांसमोर हट्टानं परत परत आणून ठेवला. समीक्षक हा साहित्याचा वकील, लेखकाचा नव्हे, असं ते मानत; वकिलाला अशील निवडता येतं, हे मात्र त्यांनी जरा जास्तच मनावर घेतलं.

२००१ साली त्यांनी जर्मन साहित्यातल्या वाचायलाच हव्यात अशा पुस्तकांची यादी जाहीर केली आणि पुढच्या वर्षापासून तिचे संच पेट्यांत घालून विक्रीला आले. पहिल्या पेटीत वीस कादंबऱ्या, ‘वेर्थर’पासून टोमास बेर्नहार्डपर्यंत. वीसांत लेखिका एकच, आना झेगर्स, तिची कोठडीत वाचलेली ‘सातवा क्रूस’. यावरून जे भांडण सुरू झालं ते रास्त होतं आणि अजून चालू आहे. मुझिलला त्यांनी आयुष्यभर झोडपलं, पण त्याची एक छोटी कादंबरी पेटीत आहे. क्योपेन आहे. आणि ज्याच्याशी बोलणं बंद होऊन सात वर्षं झाली होती त्या ग्युंटर ग्रासचा ‘पत्र्याचा ढोल’ही आहे.